सुरक्षित वस्तीची निवड : नवी मुंबईचा अनुभव

(शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी नवी मुंबई येथे भरलेल्या अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



सेवानिवृत्तीला चारपाच वर्षे उरली की कर्मचाऱ्याच्या आणि शिक्षकाच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. आता कायमचे बिऱ्हाड कोठे करावयाचे? गावी परतावे, तर मुले शहरात आणि मोठा दवाखाना जिल्ह्याच्या ठिकाणी. महानगरात राहावे, तर जागेची किंमत आवाक्याबाहेर आणि गर्दी वयाला न सोसणारी. मग मन मधल्या वाटेकडे वळते. आटोपशीर, शांत आणि सुरक्षित असे एखादे लहान शहर पाहावे, असे ठरते.

हा विचार शहाणपणाचा आहे. परंतु ‘सुरक्षित’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. चोऱ्यामाऱ्या कमी असाव्यात आणि बायकामुलांना रात्री निर्धास्तपणे ये-जा करता यावी, एवढाच त्याचा अर्थ आपण धरतो. तो खरा असला, तरी पुरा नाही. पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर असूनही घरात पावसाचे पाणी शिरते, उन्हाळ्यात नळ कोरडा पडतो, खरेदीचे कागद कच्चे निघतात आणि प्रसंगी छतही कोसळते. पायाखालची जमीन, नळाचे पाणी, हक्काचे कागद आणि शेजारची वस्ती या चार खांबांवर घराची सुरक्षितता उभी असते. आपण ज्या शहरात आज जमलो आहोत, त्याच्या इतिहासात या चारही खांबांची उदाहरणे सापडतात. यास्तव तोच आज आपला पाठ्यग्रंथ समजू या.

लहान शहरांची माळ

मुंबई बेट भरून वाहू लागले, तेव्हा खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. शासनाने १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन केले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी या शहरासाठी मुक्रर झाली. वीस लाख लोकांना सामावून घ्यावे, असा मूळ अंदाज होता.

आराखड्याचे वैशिष्ट्य असे की, एकच अजस्र शहर न उभारता लहान लहान उपनगरांची माळ गुंफावयाची. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर, कळंबोली ही त्या माळेतील काही मणी. प्रत्येकाला स्वतःचा बाजार, शाळा, उद्यान आणि स्थानक असावे, लहान मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे, अशी दृष्टी त्यामागे होती. नुसत्या नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाखांवर गेली. म्हणजे एकंदर शहर आता लहान राहिलेले नाही. तथापि राहणाऱ्याचा दैनंदिन व्यवहार आपल्या विभागापुरताच असतो, आणि ज्येष्ठांना हवे असलेले आटोपशीरपण त्यातूनच लाभते.

मात्र दळणवळणाचे सुख येथे क्रमाक्रमाने आले. खाडीवरील रस्त्याचा पूल १९७३ मध्ये खुला झाला. वाशीपर्यंत लोकल यावयास १९९२ साल उजाडले, आणि त्या लोहमार्गाचा दोनतृतीयांश खर्च सिडकोने उचलला. मधली एकोणीस वर्षे पहिल्या रहिवाशांनी बसच्या रांगेत काढली. वसाहतीच्या माहितीपत्रकात नियोजित रुग्णालय आणि नियोजित स्थानक यांची चित्रे असतात. घर मात्र आज काय आहे, ते पाहून घ्यावयाचे असते. उतारवयात ‘नियोजित’ या शब्दावर विसंबणे परवडत नाही.

जमिनीची पातळी

आता पहिला खांब : जमीन. या किनाऱ्यावरील आगरी आणि कोळी समाजाला भरती-ओहोटीचे शास्त्र पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. खाडीकाठी बांध घालून खारे पाणी थोपवावयाचे आणि बांधाला उघाडी, म्हणजे झडपेचे दार, ठेवावयाचे. ओहोटी लागली की शेतातले पावसाचे पाणी उघाडीतून खाडीत जाते. भरती आली की तीच झडप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. या युक्तीवर येथील भातखाचरे पिकली.

नव्या शहराचा काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून नियोजनकारांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर योजून धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी वस्तीतील पावसाचे पाणी या तलावांत थांबते आणि ओहोटीला खाडीकडे जाते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर हे तलाव वस्तीचे रक्षण करतात.

परंतु राखण करणाऱ्याचीही राखण करावी लागते. काही तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचला आणि खारफुटी उगवली. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे कडक निर्बंध आहेत, आणि किनाऱ्याच्या संरक्षणासाठी ते आवश्यकच आहेत. मात्र त्यामुळे गाळ काढण्याचे काम परवानग्यांच्या वाटेने सावकाश चालते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आपल्या स्मरणात असेल. अशा दिवसाची कल्पना करूनच जागा पाहावी. घर पाहावयास मे महिन्यात न जाता जुलैमध्ये, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, भरतीच्या वेळी जावे. तळमजल्याच्या भिंतींवर ओलीची रेघ दिसते का ते पाहावे आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावे. असा प्रश्न त्याच्याइतका सरळपणे कोणी सांगणार नाही.

पाण्याचा धनी कोण?

दुसरा खांब पाण्याचा. नवी मुंबई महानगरपालिकेने खालापूर तालुक्यातील मोरबे धरण २००२ मध्ये स्वतःच्या मालकीचे केले. स्वतःचे धरण असणारी महानगरपालिका विरळाच. त्यामुळे तिच्या हद्दीतील पाणीपुरवठ्याला भक्कम आधार मिळाला. परंतु येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. ‘नवी मुंबई’ असा पत्ता असलेले प्रत्येक घर या महानगरपालिकेत नाही. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हे भाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत आहेत. तेथील पाण्याची व्यवस्था निराळी आहे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याचा अनुभव तेथील अनेक सोसायट्यांनी घेतला आहे.

पत्ता एक, पण पाण्याचा धनी वेगळा, कर आकारणारा वेगळा आणि गाऱ्हाणे ऐकणाराही वेगळा, असे वाढत्या शहरांच्या कडेला सर्वत्र घडते. यास्तव जागा पाहताना पहिला प्रश्न विचारावा : हे घर कोणाच्या हद्दीत आहे, आणि येथे पाणी कोण, किती वेळ देते? त्याचबरोबर ठाणे-बेलापूर किंवा तळोजा औद्योगिक पट्ट्याजवळ घर असेल, तर एक फेरी रात्री मारावी. हवेची खरी परीक्षा तेव्हाच होते.

कागदांची तटबंदी

तिसरा खांब कागदांचा. आयुष्यभराची भविष्य निर्वाह निधीची पुंजी एका दिवसात विकासकाच्या हाती जाते. ती देण्यापूर्वी सात-आठ दिवस कागद तपासण्यात घालवले, तर वाया गेले असे समजू नये. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक असेल आणि त्यात आठांहून अधिक सदनिकाही असतील, तर महारेराकडे नोंदणी आवश्यक आहे, आणि तेथील माहिती कोणालाही पाहता येते. तयार इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, हे पाहणे अगत्याचे. ‘प्रमाणपत्र येईलच, तोवर राहावयास या’ या आश्वासनावर सामान हलवू नये.

सिडकोच्या जमिनीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. येथे भूखंड देण्याची मूळ पद्धत ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे. त्यामुळे जुने घर घेताना हक्काची सद्यःस्थिती, हस्तांतरणाची परवानगी आणि थकबाकी यांची खातरजमा सिडको कार्यालयातूनच करून घ्यावी. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर संरचनात्मक परीक्षणाचा अहवाल मागावा. सोसायटीच्या चिटणिसांनी तो दाखविण्यास टाळाटाळ केली, तर त्याचा अर्थ आपण समजून घ्यावा.

शेजारचे गावठाण

चौथा खांब शेजारचा. त्याकडे घर घेणाऱ्याचे लक्ष बहुधा जात नाही. परंतु माझ्या मते सर्वाधिक भार त्यावरच आहे.

हे शहर माळरानावर वसलेले नाही. ते ९५ गावांच्या शेतांवर, मिठागरांवर आणि मासेमारीच्या जागांवर वसले. संपादनाचा मोबदला अपुरा आहे, हे गाऱ्हाणे घेऊन भूमिपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. या बलिदानानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड देण्याचे धोरण १९९० मध्ये ठरले. विकासात मूळ जमीनधारकाला वाटा असावा, हे तत्त्व या भूमीत असे फार मोठ्या किमतीने प्रस्थापित झाले.

तरीही गावठाणाचा प्रश्न शिल्लक राहिला. कुटुंबे वाढली, परंतु गावठाणाच्या सीमा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. मुलाचे लग्न झाले, खोली हवी झाली, म्हणून घराला लागून बांधकाम झाले. शासकीय भाषेत यांनाच ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात, आणि ती नियमित करण्याचे निर्णय वेळोवेळी झाले आहेत. पण या गरजेच्या आडून नफ्यासाठी परवानगीविना बहुमजली इमारतीही उभ्या राहिल्या. त्यांतील सदनिका स्वस्त असल्याने बाहेरगावाहून आलेला अल्प उत्पन्नाचा माणूस तेथे राहावयास जातो.

२७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावात अशीच एक चार मजली इमारत कोसळली आणि तीन जणांना प्राण गमवावे लागले. इमारतीला हादरे जाणवताच बहुतेक रहिवासी बाहेर धावले, म्हणून अनर्थ टळला. ही इमारत जुनीपुराणी नव्हती. सुमारे दहा वर्षांचीच होती. तीस वर्षांनंतरच्या परीक्षणाचा नियम तिच्यापर्यंत पोहोचलाच नसता. पलीकडे रुंद रस्ते, उद्याने आणि रेखीव विभाग, आणि अलीकडे एका रात्रीत उघडी पडलेली कुटुंबे! नियोजित विभागातील माणूस या गावठाणाला परके मानू लागला, तर त्याला शहराचा अर्धाच नकाशा कळला, असे म्हणावे लागेल. त्याच्या घरी काम करणारी बाई, त्याचा रिक्षावाला आणि त्याचा भाजीवाला याच गावठाणांत राहतात. गावठाणाच्या अरुंद गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरत नसेल, तर ती उणीव संपूर्ण शहराची आहे.

पोलीस आणि नागरिक

आता रूढ अर्थाच्या सुरक्षिततेविषयी थोडक्यात. नवी मुंबईसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १९९४ पासून आहे. संकटकाळी ११२ आणि ऑनलाईन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या तोंडी असावेत. आज निवृत्तिवेतनधारकाच्या दाराशी येणाऱ्या चोरापेक्षा त्याच्या दूरध्वनीवर येणारा चोर अधिक धीट झाला आहे. दुसरा धोका रस्त्याचा. सायन-पनवेल महामार्ग आणि पाम बीच मार्ग यांवरील वेग पाहिला म्हणजे घर निवडताना बाजाराला जाण्याचा पायी रस्ता कोठून जातो, हे तपासण्याचे महत्त्व पटेल.

ग्रामपंचायतींची जबाबदारी

अखेरीस, येथे उपस्थित असलेल्या ग्रामपंचायत सदस्यांशी दोन शब्द. शहर निवडणारा शहरात येतो. पण शहर स्वतः आपल्याकडे चालत येत आहे. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातील गावांसाठी २०१३ मध्ये ‘नैना’ क्षेत्र अधिसूचित झाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्‌घाटन झाले. असेच महामार्ग आणि वसाहती आज राज्यातील अनेक तालुक्यांच्या वेशीवर उभ्या आहेत. त्या वेशीवर नाला बुजवून भूखंड पाडले जात असताना आपण गप्प बसलो, तर वीस वर्षांनी तेथे बिऱ्हाड करणाऱ्या एखाद्या निवृत्त गुरुजींच्या घरात पाणी शिरेल. गावठाणाची वाढ वेळेवर मागितली, नाल्यांची आणि तळ्यांची नोंद राखली, विनापरवाना मजल्याबद्दल पहिल्या विटेलाच विचारणा केली, तर पुढील अनेक अनर्थ टळतील.

मित्रहो, सर्वस्वी सुरक्षित शहर नकाशावर शोधून सापडत नाही. जेथे तलावातला गाळ वेळेवर निघतो, कागद खरे असतात आणि मूळ रहिवाशाला न्याय मिळतो, ते शहर सुरक्षित होते. म्हणून शहर निवडा ते चार खांब ठोकून पाहून. आणि एकदा निवडले की तेथील सोसायटीच्या सभेला, प्रभागातील बैठकीला आणि शेजारच्या गावच्या जत्रेलाही आवर्जून जा. निवृत्तीनंतर आपल्याजवळ वेळ आणि अनुभव दोन्ही असतात, आणि नव्या गावाला या दोहोंचीही निकड असते.