दूषित पाणी, कावीळ आणि सार्वजनिक गुंतवणूक



आर्थिक विकासाच्या विवेचनात उत्पन्न, बचत व गुंतवणूक यांचा ऊहापोह विस्ताराने होतो. पिण्याच्या पाण्याची चर्चा मात्र बहुधा साथ आल्यावरच होते. पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांवरील खर्च ही मानवी भांडवलातील गुंतवणूक कशी ठरते, हे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांच्या काश्मीरमधील संशोधनातून स्पष्ट होते.

१९७८ च्या अखेरीस गुलमर्ग परिसरातील गावांत काविळीची मोठी साथ पसरली. श्रीनगरचे तरुण वैद्यक संशोधक डॉ. खुरू आणि त्यांचे सहकारी यांनी या गावांची पाहणी केली. गावांचा पाण्याचा स्रोत सामाईक आणि दूषित होता. यकृतदाहाचे ‘ए’ व ‘बी’ हे विषाणू तेव्हा रक्ततपासणीने ओळखता येत होते. त्यांपैकी ‘ए’ दूषित अन्नपाण्यातून, तर ‘बी’ मुख्यतः रक्तातून पसरतो. त्यामुळे ही साथ ‘ए’ची मानणे स्वाभाविक होते. परंतु त्या काळी भारतात ‘ए’ची लागण बहुतेकांना बालपणीच होऊन जाई आणि त्यातून मिळणारी प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिके. येथे मात्र प्रामुख्याने तरुण व प्रौढ व्यक्ती आजारी पडत होत्या. रक्ताच्या चाचण्यांतही या दोन विषाणूंवर ठपका ठेवता आला नाही. हा यकृतदाहाचा वेगळाच विषाणू असावा, असा निष्कर्ष डॉ. खुरू यांनी १९८० मध्ये मांडला.

त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीतील जतन केलेले रक्तनमुने तपासले. तीही साथ ‘ए’ची नव्हती. त्या वेळी यमुनेचे पात्र बदलल्याने नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबाद येथील जलशुद्धीकरण केंद्राकडे मागे वळले होते. जादा क्लोरीन दिल्याने जिवाणूजन्य रोग आटोक्यात राहिले. विषाणू मात्र घरोघरी पोहोचला आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी स्वतःला लागण करून घेऊन विषाणूचे कण दाखवून दिले. १९९० मध्ये त्याची जनुकीय ओळख पटली आणि ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव रूढ झाले.

या रोगाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. डॉ. खुरू यांच्या १९८१ मधील अभ्यासात २०८ गर्भवतींपैकी ३६ जणींना, म्हणजे १७.३ टक्के, कावीळ झाल्याचे आढळले. गर्भवती नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण २.१ टक्के होते. त्या ३६ पैकी ८ जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले. गर्भवती नसलेल्या ७१ बाधित स्त्रियांपैकी एकीवरही ही वेळ आली नाही.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. सांडपाणी प्रवाहात सोडणारा त्याची किंमत मोजत नाही. ती खालच्या अंगाला राहणारे कुटुंब मोजते, कधी बुडालेल्या मजुरीने, तर कधी मातेच्या प्राणाने. बाजारयंत्रणा हा हिशेब आपोआप जुळवत नाही. म्हणूनच मलनिस्सारण, जलशुद्धीकरण आणि पाण्याची नियमित तपासणी ही शासनाची आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी ठरते. या रोगावरील लसीला चीनने २०११ मध्ये मान्यता दिली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही. तेव्हा शुद्ध पाणी हाच मुख्य उपाय उरतो.

२०१९ मध्ये जल जीवन अभियान सुरू झाले, तेव्हा सुमारे १७ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे नळजोडणी होती. त्यानंतर १२ कोटींहून अधिक कुटुंबांना नवी जोडणी मिळाली. ही प्रगती मोठी आहे. तथापि दिल्लीतील १९५५ ची साथ नळाच्या पाण्यातूनच पसरली होती, हे विसरून चालणार नाही. नळजोडण्यांची संख्या हे प्रगतीचे एक मोजमाप झाले. त्या नळातून येणारे पाणी गर्भवती स्त्रीने निर्धास्तपणे प्यावे, हे दुसरे आणि अधिक कठोर मोजमाप होय. नियोजनाचे यश या दुसऱ्या कसोटीवरच ठरले पाहिजे.