कमानीचं धरण आणि टेलचं पाणी
(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला संगणकावर बोल म्हणून सांगितलं होतं. पण ते तर मी रोज आठ-दहा तास करते, तेव्हा आज त्याला सुट्टी. आज मी धरणावर बोलणार आहे. धरण बांधणं हा माझा विषय नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांना शिकवतात तेवढंच बलशास्त्र माझ्या गाठीला आहे. पण वसमत तालुक्यात वाढलेल्या माणसाला धरण परकं नसतं. आपण शाळेत होतो तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ ला तो हिंगोली झाला. जिल्हा बदलला, पण पाणी पूर्णेचंच राहिलं.

सुरुवात मात्र जरा लांबून करते, केरळातून. तिथे पेरियार नदीवर इडुक्कीचं धरण आहे. वीज तयार करण्यासाठी बांधलेलं, काँक्रीटचं, आणि कमानीसारखं वाकलेलं. कुरवन आणि कुरती या दोन डोंगरांच्या मधल्या अरुंद फटीत ही भिंत उभी आहे. उंची सुमारे १६९ मीटर आणि लांबी फक्त ३६६ मीटरच्या आसपास. १२ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते या प्रकल्पाचं उद्घाटन झालं.

आता प्रश्न असा, की एवढ्या पाण्यापुढे वाकडी भिंत टिकते कशी? आपल्या शिवारातली जुनी बांधीव विहीर डोळ्यांसमोर आणा. बाहेरची माती चारी बाजूंनी दगडांना आत ढकलत असते, तरी विहीर ढासळत नाही. कारण बांधकाम गोल आहे. माती जितकी ढकलेल, तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. त्या विहिरीचा एक तुकडा कापून दरीत उभा केला आणि त्याची दोन टोकं डोंगरात रुतवली, की झालं कमानीचं धरण. फुगीर बाजू पाण्याकडे. पाणी रेटा देतं, कमान तो रेटा दोन्हीकडच्या डोंगरांना देते. काँक्रीट दाबाला दणकट आणि ताणाला नाजूक असतं, म्हणून हा आकार त्याला मानवतो. साध्या वजनदार भिंतीपेक्षा मालही कमी लागतो.

पण यात एक अट आहे. दोन्ही बाजूंचा खडक पक्का पाहिजे. फ्रान्समध्ये मालपासे नावाचं असंच कमानीचं धरण होतं. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री ते फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. चौकशीत दिसलं की काँक्रीट कमी पडलं नव्हतं. डाव्या तीरावरचा, भिंतीखालचा खडक सरकला होता.

आता आपल्या पूर्णेवर या. येलदरीचं धरण आणि त्याच्या खालचं सिद्धेश्वर, दोन्ही १९६८ मध्ये पूर्ण झाली. आपण लहान असताना सहलीला गेलेल्या कित्येकांनी ती पाहिली आहेत. येलदरीची उंची सुमारे ५१ मीटर, म्हणजे इडुक्कीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. लांबी मात्र सव्वाचार किलोमीटर, म्हणजे इडुक्कीच्या अकरा पटींहून जास्त. आपली जमीन पसरट आहे, कमानीला टेकायला इथे डोंगर नाहीत. म्हणून आपली भिंत स्वतःच्या वजनावर उभी आहे. दोन्हीकडे मातीचा लांब भराव आणि पाणी सोडायला दरवाजांचा पक्का सांडवा. पसरट जमिनीवर धरण बांधलं की पाणीही पसरतं. त्या पाण्याखाली ज्यांची गावं आणि काळी जमीन गेली, त्यांची आठवण आपण पाणी वापरणाऱ्यांनी ठेवायला हवी.

येलदरीलाही वीजघर आहे. साडेसात मेगावॅटचे तीन संच, एकूण साडेबावीस मेगावॅट. इडुक्कीचे एकशेतीस मेगावॅटचे सहा, एकूण ७८०. म्हणजे जवळपास पस्तीस पट. एवढा फरक का? घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. इडुक्कीचं पाणी बोगद्यातून साडेसहाशे मीटरहून जास्त खाली मूलमट्टमच्या भूमिगत वीजघरात पडतं. तेवढ्या उंचीवरून एक टाकी पाणी सोडलं, की गळती-घट धरूनही साधारण दीड युनिट वीज मिळते. येलदरीला पाणी तीस मीटर पडतं असं धरलं, तर एका युनिटसाठी तेरा-चौदा टाक्या पाणी लागतं. विजेच्या हिशेबात आपलं धरण गरीबच म्हणायचं.

पण हिशेब तिथे थांबत नाही. कोयनेचं पाणी वीज करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरतं, कृष्णाकाठच्या शेताला ते परत मिळत नाही. येलदरीचं पाणी वीज करून पूर्णेतच राहतं आणि सिद्धेश्वरला येऊन थांबतं. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरचा सुमारे ८१. येलदरी हा रांजण आणि सिद्धेश्वर हा तांब्या. रांजणातून तांब्यात घ्यायचं आणि तांब्यातून कालव्यात ओतायचं, अशी ही रचना आहे. एकच पाणी आधी चाक फिरवतं आणि मग गहू, ऊस, हळद भिजवतं. म्हणून येलदरीची खरी किंमत मेगावॅटमध्ये नाही. ती कालव्याच्या शेवटच्या चारीवर मोजायला हवी.

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. रांजण तेवढाच राहिला, पिणारे वाढले. वर बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेवरच खडकपूर्णा धरण झालं. परभणी आणि हिंगोली या दोन्ही शहरांचं पिण्याचं पाणी याच साठ्यांतून जातं, आणि ते आधी द्यायलाच हवं. उरलेलं पाणी कालव्याला येतं, तर अस्तर फुटलेलं, चारीत गाळ आणि गवत, दरवाजे मोडलेले. वरच्या अंगाला ऊस आणि केळी, त्यांची तहान मोठी. माझ्या काकांचं शेत टेलला आहे. आवर्तन सुटल्याची बातमी त्यांना दरवेळी मिळते, पाणी दरवेळी मिळत नाही. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी हीच गोष्ट आहे, हे मला सांगायला नको.

यावर एक साधन आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात २००५ साली सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला. त्यात पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं आहे आणि संस्थेने ते आपसांत वाटायचं आहे. संचालक मंडळात कालव्याच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि टेलच्या शेतकऱ्यांना सारखी जागा आहे. पण कागदावरची संस्था पाणी देत नाही. बैठकीला जाणारी, पाणी मोजणारी, हिशेब मागणारी माणसं लागतात.

आपल्या बॅचमधले निम्मे पुण्या-मुंबईला गेलो, निम्मे इथे शेती, दुकान, शाळा सांभाळतात. जे इथे आहेत त्यांना माझी विनंती आहे. रब्बीचं आवर्तन सुटायच्या आधी आपापल्या चारीची संस्था चालू आहे का बघा. सभासद नसाल तर व्हा. सात नंबरचा पाणी अर्ज वेळेत भरा. तोंडाला किती पाणी सुटलं आणि टेलला किती पोहोचलं, हे दोन आकडे दर पाळीला लिहून ठेवा. जे बाहेर आहोत, त्यांनी मोजमापाच्या साधनाला आणि चारी साफ करायला वर्गणी काढू. ते आकडे मोबाईलवर मराठीत भरता येतील आणि सगळ्यांना दिसतील, असा साधा तक्ता करून द्यायचं काम माझ्याकडे. त्याला पैसे नकोत, पण आकडे खरे हवेत. टेलवाल्यांचेही आणि वरच्यांचेही.

गणिताच्या तासाला सरांनी आपल्याला उत्तराच्या आधी रीत लिहायला लावली. तीच सवय इथे कामाला येईल. पुढच्या मेळाव्यात या तक्त्यावर निदान एका वर्षाच्या पाळ्या भरलेल्या असाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. जेवणाच्या पंगतीला ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी मला गाठावं.