निवारा शहराच्या मध्यावरच हवा
(कॅम्प-1, भिलाई येथील कार्यकर्त्यांच्या सभेत केलेले भाषण)

आपण ज्या वस्तीत जमलो आहोत, तिच्या नावातच आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि भिलाईत वर्षाला 10 लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या बांधकाम मजुरांसाठी छावण्या पडल्या, कॅम्प-1 त्यांपैकीच. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पण छावणी उठली नाही. तिचीच वस्ती झाली.

आजही शहराशहरांतून मजूर दुकानांच्या पायऱ्यांवर आणि स्थानकांच्या आडोशाला रात्र काढतात. त्यांच्यासाठी बाजारपेठेजवळ निवारा बांधा म्हटले की दोन आक्षेप हटकून येतात: जागा गावाबाहेर द्यावी, आणि पैसा आणायचा कोठून?

पहिला आक्षेप घेऊ. पहाटे मजूर-नाक्यावर जो पोहोचत नाही, त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत मानला. पदपथावर वस्ती करण्याचा हक्क मात्र दिला नाही. मग कामाच्या जवळ छप्पर देणे, एवढाच मार्ग उरतो. घरांच्या प्रश्नावर लिहिताना 1872 सालीच एंगल्सने दाखवून दिले होते की, प्रस्थापित व्यवस्था हा प्रश्न सोडवीत नाही. नुसता दुसरीकडे ढकलते. गावाबाहेरचा निवारा म्हणजे हीच ढकलाढकल होय.

आता पैशाविषयी. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे 100 जणांचा एक निवारा, असा दंडक घातला. 2011 च्या जनगणनेनुसार भिलाईची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या घरात होती. म्हणजे किमान सहा निवारे हवेत. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांसाठी केंद्राच्या निधीची तरतूद होती. तरीही निवारे उभे का राहत नाहीत, हे तपासण्यासाठी 2016 साली न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. तेव्हा निव्वळ पैशाचे कारण टिकत नाही.

परंतु इमारत उभी करणे हा खर्चाचा सोपा भाग आहे. रखवालदाराचा पगार, पाणी, वीज, अंथरूण-पांघरूण, स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन हा खर्च दरवर्षीचा आहे. त्याची तरतूद नसेल तर उद्घाटनाची फीत कापलेल्या इमारतीला वर्षभरात कुलूप लागते. म्हणून महापालिकेच्या अंदाजपत्रकात निवाऱ्याचे स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

आपल्यातील काही साथी विचारतात, निवारा मागितल्याने घराची मागणी दुबळी होणार नाही काय? निवारा म्हणजे घर नव्हे, हे खरे. पण घराच्या लढ्यात उतरायला माणूस थंडीतून जिवंत राहिला पाहिजे. पदपथावर विखुरलेल्यांना गाठणे कठीण. एका छपराखाली आलेल्यांची नावनोंदणी होते, शिधापत्रिकेचा अर्ज भरता येतो, संघटनाही बांधता येते.

साथींनो, शेजारी निवारा नको असे या वस्तीतून कोणी म्हणाले, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला घराघरांतून फक्त एवढेच विचारा: तुमचे वाडवडील येथे आले, तेव्हा त्यांची पहिली रात्र कोठे गेली होती?