शहराचा कचरा आणि शेतातली भाजी



मी सातवी शिकलेला माणूस. आयुष्य कामगार चळवळीत गेले. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. मात्र कचरा मी सफाई कामगारांबरोबर जवळून पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात ओला-सुका कचरा वेगळा गोळा करण्याची योजना आली. काम जादा, पगार तोच, म्हणून मी सभेत विरोध केला. सभा संपल्यावर डेपोवरची एक बाई म्हणाली, "भाऊ, पगाराचं बोललात ते बरं केलंत. पण या खतावरची मेथी माझीच पोरं खातात, त्याचं काय?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून रात्री पुस्तके उघडून बसलो.

कचऱ्याचे खत करावे, हे उत्तमच. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली, ती पालापाचोळा आणि शेण यांची. आपल्या टोपलीत मात्र देठांशेजारी विजेरीचे सेल आणि रंगाचे पोपडे पडतात. देठ कुजतो, शिसे कुजत नाही. हिशेब करा. १०० किलो कचऱ्यात ५ ग्रॅम शिसे असले आणि कुजून, वाळून ४० किलो खत उरले, तरी शिसे ५ ग्रॅमच. किलोमागे ५० मिलिग्रॅम होते, ते १२५ झाले. खत नियंत्रण आदेशातली शहरी कंपोस्टची मर्यादा आहे १०० मिलिग्रॅम. आणि मर्यादेइतकेच शिसे असलेले खत हेक्टरी १० टन टाकले, तरी दर खेपेस १ किलो शिसे जमिनीत जाते. पिकाबरोबर त्यातले फारच थोडे बाहेर पडते. बाकीचे साचत राहते.

शिसे बहुतेक मातीत व मुळांत अडकते. पानांवर बसते ते धुळीबरोबर. धुतल्याने पुष्कळसे जाते. कॅडमियमचे तसे नाही. ते मुळांतून पानांत चढते, पालेभाजीत अधिक, आणि जमीन आम्ल असेल तर आणखी. माणसाच्या मूत्रपिंडात ते वर्षानुवर्षे ठाण मांडते. जपानात जिंझू नदीकाठी ते भातात उतरले आणि कित्येक बायकांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ साली तिथल्या सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. तेथे कारण खाण होती, कचरा नव्हे. प्रमाणही फार मोठे. मी भिववत नाही. मातीतून ताटात येण्याची वाट मात्र तीच आहे.

मिश्र कचरा एकदा कुजला की चाळणीने सगळे धातू निघत नाहीत. म्हणून निवड घरातच झाली पाहिजे. आज मी दोन्ही मागण्या एकत्र मांडतो: कामगाराला वेगळ्या गाड्या, हातमोजे आणि जादा कामाचा मोबदला, शेतकऱ्याला खताच्या तपासणीचा लेखी निकाल. तुमच्याकडे मागणे लहान आहे. सेल आणि रंगाचे डबे ओल्या कचऱ्यात टाकू नका.

त्या बाईला मी अजून उत्तर देणे लागतो. त्यातले अर्धे तुमच्या हाती आहे.