अन्नाची पेढी



‘पानात टाकू नये’ हा मराठी घरातील मुलांवर होणारा अगदी पहिला संस्कार. ताटातले अन्न संपवायला तो शिकवतो. पातेल्यात उरलेल्या अन्नाचे काय करावे, हे मात्र सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतले होते. त्याच जगात कोट्यवधी माणसे उपाशी झोपतात.

या विसंगतीवर १९६७ साली अमेरिकेतील फिनिक्स शहरात एक उपाय सापडला. जॉन व्हॅन हेंगेल हे निवृत्त व्यावसायिक गरिबांच्या मोफत भोजनगृहात सेवा करीत. दुकानांनी टाकून दिलेल्या पदार्थांवर मुलांना पोसणारी एक माता त्यांना भेटली. पैसे ठेवण्या-काढण्यासाठी पेढी असते, तशी अन्नासाठीही असावी, ही कल्पना तिचीच, असे सांगतात. त्यातून जगातील पहिली अन्नपेढी उभी राहिली. पेढीत हिशेब असतो, वेळ पाळली जाते आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. त्या मातेच्या कल्पनेचे मर्म हेच आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये ‘रोटी बँक’ सुरू करून समारंभांतील उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत पोहोचवले. २०१९ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा वाटपासाठी नियम केले. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात राहिले, तर त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यामुळे पंगती उठल्यावर मध्यरात्री आलेला निरोप निरुपयोगी ठरतो. जे अन्न स्वतःच्या मुलाला वाढवणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला देणे हा धर्म नव्हे.

परप्रांतात मराठी शाळा साठ वर्षे चालते, ती अनेक घरांनी थोडे थोडे दिल्यामुळेच. हीरकमहोत्सवी वर्षात त्याच रीतीने शाळेची अन्नपेढी सुरू व्हावी. आरंभ तांदूळ, डाळ, कणीक अशा कोरड्या शिध्याने करावा. आवक-जावक वहीत नोंदवावी. मुदत संपत आलेला जिन्नस आधी बाहेर काढावा. घेणाऱ्या कुटुंबाचे नाव वर्गात उच्चारू नये, छायाचित्र तर मुळीच काढू नये. शिजवलेल्या अन्नाची जबाबदारी मागाहून, वाहन आणि माणसे ठरल्यावरच घ्यावी.

आणि घरात कार्य निघाले, की आचारी ठरवतानाच अन्नपेढीलाही वर्दी द्यावी.