वर्गात पॉडकास्ट: ऐकून झाल्यावर काय?

पॉडकास्ट म्हणजे हवा तेव्हा लावता येणारा, मागे नेऊन पुन्हा ऐकता येणारा कार्यक्रम. मुळशीसारख्या डोंगराळ तालुक्यात हे सोयीचंच. पौडला रेंज असताना भाग डाउनलोड करायचा. ताम्हिणीकडे रेंज गेली तरी वर्गात निवांत ऐकवायचा.

पण ऐकवलं म्हणजे शिकवून झालं, हे मला पटत नाही. आकाशवाणी पुणे केंद्राचाच दाखला घ्या. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं इथून पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी खास कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे दहा आठवडे. गावोगावी गट करून लोक ऐकत, मग तिथंच चर्चेला बसत आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत अशा गावांतली माहिती बरीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र थोडीच.

तेव्हा शिक्षकहो, भाग मध्येच थांबवा, मुलांना बोलतं करा. पुढे त्यांनाच भाग तयार करू द्या. धरणाविरुद्ध झालेल्या १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाबद्दल, त्या धरणाखाली गेलेल्या गावांबद्दल घरातल्या आजी-आजोबांनी काय ऐकलंय, ते फोनवर रेकॉर्ड होऊ द्या. खोलीत गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही. पत्र्याच्या छपराखाली मात्र आषाढात रेकॉर्डिंगचा नाद सोडाच! आणि ज्यांचा आवाज घ्याल, त्यांची परवानगी आधी घ्या.