पुढच्या दहा वर्षांचा आराखडा: कुणासाठी?

(लेखिका लंडनमध्ये आयरिश समाजासाठी काम करणाऱ्या एका छोट्या गृहसंस्थेत समाजकार्यकर्ती आहे. सुट्टीत घरी आली असताना आपल्या गटाच्या बैठकीत तिने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. कुणाची ओळख पटू नये म्हणून संस्थेचं नाव दिलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत.)

मैत्रिणींनो,

लंडनमधल्या आयरिश म्हाताऱ्या बायकांच्या घरांचा प्रश्न इथे कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. समाजकार्यात एम.ए. करून मी तिथे नोकरीला लागले तेव्हा मलाही असाच एक प्रश्न पडला होता. हे लोक गोरे, ख्रिस्ती, इंग्रजी बोलणारे. यांना वेगळी गृहसंस्था कशाला हवी? त्याचं उत्तर मला हळूहळू मिळालं. ते आज सांगते. आणि आता आमच्या संस्थेपुढे जो पेच उभा आहे, तोही सांगते.

आधी एक खुलासा. 'हाउसिंग असोसिएशन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सहकारी सोसायटी येते. ही तशी नव्हे. ही नफा न कमावणारी घरमालक संस्था असते. घरं संस्थेची, राहणारे भाडेकरू. भाडं बाजारभावापेक्षा कमी, आणि ते किती वाढवता येईल याची मर्यादा सरकार घालतं. कारभार एक व्यवस्थापक मंडळ बघतं. १९७४ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर अशा संस्थांना मोठं सरकारी अनुदान मिळू लागलं आणि १९८० च्या दशकात लंडनमध्ये आयरिश लोकांच्या संस्था उभ्या राहिल्या. आमची त्यांतलीच एक. काहीशे घरं, मोजकी माणसं, एक कचेरी.

आता आयरिश बायकांविषयी. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसं बाहेर पडली. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आत होती. बहुतेक सगळी इंग्लंडला गेली. या स्थलांतरिताचं जे चित्र लोकांच्या मनात आहे ते पुरुषाचं: रस्ते खोदणारा, इमारती बांधणारा, संध्याकाळी पबमध्ये बसणारा. प्रत्यक्षात बायकाही जवळजवळ तितक्याच होत्या. त्या रुग्णालयांत परिचारिका झाल्या, हॉटेलांत खोल्या साफ करू लागल्या, श्रीमंतांच्या घरी कामाला राहिल्या. यांतली पुष्कळशी कामं 'राहून' करायची. म्हणजे नोकरी आणि छप्पर एकत्र. आपल्याकडे चोवीस तासांची कामवाली ठेवतात, तसंच. नोकरी सुटली की छप्परही सुटलं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची अंथरुणं घालणाऱ्या बाईला साठाव्या वर्षी स्वतःची खाट कुठे टाकायची, हे ठाऊक नसायचं.

त्या का निघाल्या? गरिबी होतीच. पण केवळ गरिबी नव्हती. आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. हा नियम १९७३ पर्यंत होता. घटस्फोटावरची बंदी उठवायला १९९५ सालचं सार्वमत यावं लागलं. आणि लग्नाशिवाय दिवस गेले, तर त्या मुलीची रवानगी चर्चच्या माता-बालगृहात होई. चौकशी आयोगाने २०२१ साली अहवाल दिला. अठरा संस्थांत मिळून सुमारे ५६ हजार अविवाहित आया आणि ५७ हजार मुलं राहिली होती. त्यांतली सुमारे नऊ हजार मुलं दगावली. याखेरीज ननांनी चालवलेल्या धुलाईगृहांत बायकांना बिनपगारी राबवलं जाई. शेवटचं धुलाईगृह १९९६ साली बंद झालं. यांतून सुटलेल्या, पळालेल्या, किंवा तिथे जावं लागू नये म्हणून आधीच बोटीत बसलेल्या कितीतरी जणी इंग्लंडला आल्या. सविता हलप्पनवारचं नाव आपल्याला ठाऊक आहे. बेळगावच्या घरातली ही दंतवैद्य २०१२ साली गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात नाकारला गेल्यावर जंतुसंसर्गाने गेली. तिच्या मृत्यूने आयर्लंड ढवळून निघालं आणि २०१८ च्या सार्वमताने तो कायदा बदलला. सविताच्या आधी कित्येक दशकं आयरिश बायका गर्भपातासाठी गुपचूप समुद्र ओलांडून इंग्लंडला येत होत्या.

इंग्लंडमध्ये तरी मोकळेपणा होता का? १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबांत बॉम्बस्फोट झाले. त्याच महिन्यात दहशतवादविरोधी कायदा आला आणि सगळा आयरिश समाज संशयाखाली गेला. बायका बसमध्ये, दुकानात तोंड उघडायला भीत, कारण बोलण्याच्या ढबीवरून ओळख पटे. कचेरीत जाऊन मदत मागायची नाही, अर्जावर खरं लिहायचं नाही, ही सवय त्यांच्या अंगात मुरली. वेगळी संस्था हवी होती ती यासाठी. भाषा एक असली तरी ज्यांच्यापुढे बोलता येईल अशी माणसं हवी होती.

आता पेच. आमच्या मंडळाने पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायला घेतला. एक सल्लागार नेमला. त्याने पडद्यावर आकडे दाखवले आणि ते खोटे नव्हते. २०१६ पासून चार वर्षं सरकारने दरवर्षी एक टक्का भाडं कमी करायला लावलं. २०२३ साली महागाई दहा टक्क्यांच्या आसपास असताना भाडेवाढीला सात टक्क्यांची मर्यादा होती. भाडेकरूंच्या दृष्टीने हे योग्यच, पण छोट्या संस्थेची गंगाजळी त्यात आटली. दुसरीकडे जबाबदाऱ्या वाढल्या. जून २०१७ मध्ये लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. त्यानंतर आगीपासून सुरक्षेचे नियम कडक झाले. २०२० च्या डिसेंबरमध्ये रॉचडेलला अवाब इशाक हे दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीमुळे गेलं. त्याच्या नावाने आलेला कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि ओल-बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घेणं बंधनकारक झालं. हे सगळे नियम हवेच होते. पण दहा हजार घरांची संस्था त्यासाठी एक विभाग उघडते, आमच्याकडे तेच काम एक मुलगी इतर चार कामं सांभाळून करते.

शिवाय समाजही आटतो आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेली माणसं इंग्लंड-वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ७ हजार होती, २०२१ मध्ये सुमारे ३ लाख २५ हजार. त्यातही म्हाताऱ्यांचं प्रमाण मोठं. मोकळ्या होणाऱ्या घरांपैकी मोठा वाटा स्थानिक नगरपालिकेने पाठवलेल्या कुटुंबांना द्यावा लागतो. आमच्या इमारतींत आज सोमाली, बंगाली कुटुंबंही आहेत. सल्लागाराचा निष्कर्ष सरळ होता: मोठ्या संस्थेत विलीन व्हा.

खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. मला हा विश्वासघात वाटला. १९८३ साली सुरू झालेलं लंडन आयरिश विमेन्स सेंटर २०१२ साली बंद पडलं, हे आमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्या अजून हळहळून सांगतात. आता हेही जाणार? पण मग दोन गोष्टी घडल्या, आणि माझं मत दोन्ही बाजूंनी ढवळलं गेलं.

पहिली गोष्ट एका आजींची. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. आयरिश सरकारने माता-बालगृहांतल्या बायकांसाठी मार्च २०२४ मध्ये भरपाईची योजना सुरू केली. पाच हजार युरोंपासून सव्वा लाख युरोंपर्यंत, जितके दिवस तिथे काढले त्या हिशेबाने. त्याची माहिती आजींच्या हाती पडली. तीन आठवडे त्यांनी तो कागद चहाच्या डब्याखाली ठेवला होता. मी नळाच्या तक्रारीसाठी गेले होते, तेव्हा त्यांनी तो काढून माझ्यापुढे सरकवला. साठ वर्षांत त्या ठिकाणाबद्दल त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आणि मला त्यांचा पहिला प्रश्न काय होता? "हे पैसे घेतले तर माझं घर जाईल का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ब्रिटनमध्ये शिल्लक सोळा हजार पौंडांच्या वर गेली की घरभाड्याची सरकारी मदत बहुतेकांना बंद होते. पेन्शनची एक विशिष्ट पूरक रक्कम मिळत असेल तर सूट असते, पण शिल्लक वाढली की ती रक्कमही कमी होते. म्हणजे एका सरकारने अन्यायाची भरपाई द्यायची आणि दुसऱ्याने तिच्या नावावर घरभाड्याची मदत कापायची. ही भरपाई हिशेबात धरू नये, असं विधेयक २०२५ साली ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं. ज्यांच्या आयुष्यावर 'फिलोमिना' चित्रपट निघाला त्या फिलोमिना ली यांच्या नावाने ते ओळखलं जातं. पण आजींना उत्तर त्या दिवशीच हवं होतं. आम्ही आयरिश सल्लाकेंद्रातल्या बाईंना घरी बोलावलं, कागद पाहिले, हिशेब मांडला. दूरध्वनीवर 'एक दाबा, दोन दाबा' करत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला असता का? सल्लागाराच्या तक्त्यात या भेटीचा रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट आम्हाला खाली मान घालायला लावणारी. आमच्याच एका जुन्या इमारतीत एका बाईंच्या झोपायच्या खोलीत ओल आली. आम्ही त्यांना नावाने ओळखत होतो, नाताळला केक नेत होतो. पण दुरुस्तीचा ठेकेदार मिळेना, मिळाला तो परवडेना, महिने गेले. बाईंना छातीचा विकार जडला आणि रुग्णालयात न्यावं लागलं. त्या म्हणाल्या, "तू फार चांगली आहेस ग, पण भिंत अजून ओलीच आहे." मैत्रिणींनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपुलकीने भिंत सुकत नाही. आपल्या संघटनांतही आपण कधीकधी जिव्हाळ्याच्या आड कामातली ढिलाई झाकतो. लहान असणं हा काही आपोआप गुण नव्हे.

म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी म्हटलं, विलीन व्हायचं की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: आज इथे राहणारी प्रत्येक बाई पुढची दहा वर्षं कशी राहणार? आराखडा तिथून सुरू करा. प्रत्येक घरी जा. जिना चढवतो का, न्हाणीघरात पाय घसरतो का, भिंत कोरडी आहे का, रात्री कुणाला हाक मारायची, कुणाला विचारलेलं आवडतं आणि कुणाला नाही, हे लिहून काढा. मग कोणतं काम आपल्याला झेपतं आणि कोणतं नाही, ते प्रामाणिकपणे वेगळं करा.

त्यातून काही गोष्टी निघाल्या. दुरुस्ती, अग्निसुरक्षा, हिशेब ही कामं इतर छोट्या संस्थांबरोबर मिळून करता येतात का, ते आधी पाहायचं. त्यासाठी नाव सोडावं लागत नाही. तेही जमलं नाही आणि विलीन व्हायची वेळ आली, तर बळ असताना जायचं, गंगाजळी संपल्यावर नव्हे. दिवाळं वाजलेल्याला अटी घालता येत नाहीत. आणि अटी करारातच लिहून घ्यायच्या: ओळखीची कार्यकर्ती राहील, कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर राहील, सल्लाकेंद्राशी नातं राहील, मोकळ्या होणाऱ्या घरांतला ठरलेला वाटा आयरिश समाजासाठी राहील. एकदा घरं दुसऱ्या संस्थेच्या नावावर गेली की परत येत नाहीत. तोंडी आश्वासनं नव्या संचालकाबरोबर बदलतात.

वाटा राखून ठेवणं कायद्यात बसतं का, असं एका सदस्याने विचारलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हॅकनीतल्या एका सनातनी ज्यू गृहसंस्थेच्या बाजूने निकाल दिला. त्या समाजाची खरी अडचण सिद्ध होत असेल तर घरं त्याला देता येतात, असा त्याचा आशय. पण अडचण दाखवावी लागते. आमच्या बायकांनी जन्मभर अडचण लपवली. ती आकड्यांत कशी येणार? म्हणून त्यांच्याकडून, त्यांच्या संमतीने, हे नोंदवून ठेवणं हेही नियोजनाचंच काम आहे.

शेवटचा मुद्दा मंडळावर कोण बसतं याचा. आमच्याकडे वकील होते, हिशेबतपासनीस होते, भाडेकरू बाई एकही नव्हती. आता दोन जागा भाडेकरू बायकांसाठी ठेवल्या आहेत. एका जागेवर आयरिश बाई आहे, दुसरीवर सोमाली. पहिल्याच बैठकीत सोमाली बाईंनी विचारलं, "दुरुस्तीची तक्रार फक्त दूरध्वनीवर का? माझ्या आईला इंग्रजी येत नाही." आयरिश बाई लगेच म्हणाल्या, "आम्हाला येतं, पण आम्हालाही त्यावर बोलता येत नाही." त्या दिवशी मला कळलं की संस्था आयरिश ठेवायची की सगळ्यांची करायची, हा वाद आम्ही उगाच दोन टोकांचा केला होता. परमुलखात बिनघराची बाई कशी जगते, याचं या संस्थेला जे ज्ञान आहे, ते सांभाळायचं आहे. ते आयरिश बायकांनी मिळवून दिलं, ते इतरांच्याही कामी येईल.

निर्णय अजून व्हायचा आहे. मी परत गेल्यावर पुढची बैठक आहे. कदाचित आम्ही विलीन होऊ, कदाचित होणार नाही. आजींनी भरपाईचा अर्ज भरला आहे. मुलाचं नाव लिहिताना त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि मग स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यांचं घर शाबूत आहे. ओल आलेली भिंत आम्ही फोडून नव्याने बांधून घेतली, उशिरा का होईना.

आपल्याकडेही बायकांची वसतिगृहं, आधारगृहं चालवणाऱ्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत. अनुदान आटलं की काय करायचं, संस्था कुणाच्या हाती सोपवायची, हा प्रश्न तुमच्याही पुढे येईल. तेव्हा तुमच्या कागदावरची पहिली ओळ कोणती असेल, ते मला ऐकायचं आहे. आता तुम्ही बोला.